बिरूचा खोकला

“वजनच न्हाई, तर उचलू काय वस्ताद?”

जोतिरामनं आल्या आल्या हेच विचारलं. बस म्हणायचीही वाट बघितली नाही.

दस्तगीर वस्ताद तालमीच्या बंद दारापुढं कट्ट्यावर बसून लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“जत्रा तीन महिन्यांवर आली वस्ताद. दार तरी उघडा, न्हाईतर काय करू ते तरी सांगा.”

“दाराला कुलूप हाय.”

“ते दिसतंय की मला. आणि किल्ली तुमच्या खिशात हाय.”

“व्हय. हाय.”

आणि लसूण सोलणं चालूच.

हिंगणमाळच्या त्या तालमीत सगळं होतं. चाळलेली तांबडी माती होती, चढायचा दोर होता, वस्तादांच्या आज्याच्या काळातले मुद्गल होते. कारखान्याच्या एका संचालकानं निवडणुकीच्या आधी दिलेलं केबलचं मशीनसुद्धा होतं. श्रावणापासून ते सगळं आत आणि कुलूप बाहेर. कुलूप घातलं होतं खुद्द वस्तादांनी.

का घातलं, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

श्रावणात सरावाच्या कुस्तीत जोतिरामनं बिरूवर मानेचा डाव टाकला. बिरू म्हणजे बिरदेव, धनगरवाड्यावरचा. दोघं एका ताटात जेवलेले, एकाच मातीत वाढलेले. तालमीचा रिवाज असा, की मान अडकली आणि सोसेना झालं की खालच्यानं मातीवर हात मारायचा, आणि वरच्यानं तिथल्या तिथं सोडायचं. एवढ्या एका रिवाजावर तालीम चालते. नाहीतर कोण आई आपलं लेकरू तिथं पाठवील?

बिरूनं हात मारला. जोतिरामनं सोडलं नाही.

मान मोडल्याचा आवाज कट्ट्यावर बसलेल्यांनाही ऐकू आला म्हणतात.

गावच्या पंचांनी बैठकीत विचारलं तेव्हा जोतिराम म्हणाला, “मला वाटलं, माती घेतोय.”

आता हेही खोटं म्हणता येत नाही. घामानं अंग निसटायला लागलं की पैलवान कुस्ती चालू असतानाच मूठभर माती उचलतो आणि समोरच्याच्या पाठीला चोळतो. मातीवर हात पडला म्हणजे हार मानली असंच काही नसतं. पंचांनी मान डोलावली. कुस्तीत व्हायचंच, म्हणाले. चहा घेतला आणि गेले.

वस्ताद त्या बैठकीत एक अक्षर बोलले नाहीत. उठले आणि तालमीला कुलूप घातलं.

बिरू आता खाटेवर होता. खांदे हलायचे, उजवा कोपर थोडा वाकायचा. गळ्याखाली बाकी काही त्याचं उरलं नव्हतं.

आणि जोतिरामला जत्रेचं मैदान मारायचं होतं. चैत्रात जत्रा, मोठी जोड ठरलेली, समोर निपाणीकडचा पैलवान. गुडघा कुरकुरायला लागला होता, वय वाट बघत नाही. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्या तालमीचा पठ्ठ्या वस्तादांनी लंगोट बांधल्याशिवाय मैदानात उतरत नाही. उतरला तर हलगीवालासुद्धा त्याच्यापुढं वाजवणार नाही.

म्हणून हा कट्टा. म्हणून हे विचारणं.

“मागं पुण्यात वर्षभर मी पोरं शिकवली वस्ताद,” जोतिराम म्हणाला. “जिममध्ये. मोठमोठ्या साहेबांची पोरं. सगळी कोअरची ताकद…”

“म्हंजे?”

“पोट, कंबर, पाठ. अंगाचा मधला भाग. सगळा जोर तितनं निघतो. हात-पाय नुसतं सांगकामे.”

“बरं.”

“त्याला साधनं लागत्यात. लटकायला दांडी लागती, केबल लागती, चाक असतंय एक…”

“आणि न्हाई मिळाली तर?”

“तर मग अंगाच्याच वजनावर करायचं. प्लँक हाय. पण त्यानं कितीसं…”

“दाव.”

जोतिरामनं शर्ट काढला. पोटावर चौकटी उठलेल्या. त्या वस्तादांना दिसतील अशा बेतानंच त्यानं तो काढला, हेही सांगून टाकतो. मग कोपरं फरशीवर टेकली, पायाची बोटं टेकली, आणि मधलं अंग फळीसारखं ताठ धरलं.

वस्ताद लसूण सोलत राहिले.

सोलता सोलता पाटी संपली. जोतिरामची कंबर थरथरायला लागली. नाकावरून घामाचा थेंब फरशीवर पडला, मग दुसरा पडला.

“खाली कोण हाय?” वस्तादांनी विचारलं.

“खाली…? कोण न्हाई.”

“मग एवढं दाबून कुणाला धरलंयस?”

जोतिराम उठून बसला. चेहरा लाल झाला होता, तो नुसत्या दमानं नव्हे.

“पोट कशासाठी असतं रं?” वस्ताद म्हणाले.

“ताकदीसाठी.”

“आणि?”

“… जेवायला.”

वस्ताद हसले नाहीत. लसणाची सालं फुंकून उडवली.

“बिरूकडं जा.”

जोतिरामच्या हातातला शर्ट हातातच राहिला. श्रावणापासून त्यानं ती वाट सोडली होती. धनगरवाड्यावरून जायचं झालं तर ओढ्यानं वळसा घालून जायचा. दवाखान्यात एकदा गेला होता, पण दारातूनच मागं फिरला होता.

“तितं वजन हाय,” वस्ताद म्हणाले. “रोज हालवायचं. सकाळ-सांज. जत्रंपतूर कर. मग लंगोट मी बांधतो तुला, आणि किल्ली बी तुझ्या हातात देतो.”

“आणि न्हाई गेलो तर?”

“तर प्लँक कर.”

*

बिरूची आई हौसाक्का दारात ज्वारी पाखडत होती. मेंढरं विकून टाकलेली, वाडगं रिकामं. जोतिरामला बघून तिचं सूप थांबलं.

“वस्तादांनी पाठवलंय, आक्का.”

तिनं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सूप उचलून थोडी बाजूला सरकली, एवढंच.

आत खाट. खाटेवर बिरू. अंगावरचं मांस उतरलं होतं, पण हाड मोठं, उंची तेवढीच.

“आलास?” बिरू म्हणाला.

“आलो.”

“व्यायामाला?”

जोतिराम खाली बघायला लागला. गावात कट्ट्यावर शिंकलं तर वाड्यावर कळतं, हे तो विसरला होता.

“ये की मग. लाजतोस काय? मला कुशीवर घे. सकाळपास्नं छतच बघतोय.”

जोतिराम वाकला. एक हात खांद्याखाली घातला, एक गुडघ्यामागं. आणि पैलवान पैलवानाला जसा उलथवतो तसं त्यानं बिरूला एका हिसक्यात वळवलं. दुसरं वळवणं त्याला कुठं ठाऊक होतं?

अंग आलं. मान मागं राहिली.

बिरू किंचाळला. “सोड! सोड, सोड!”

जोतिरामनं हात काढले. हौसाक्का धावत आत आली, तिच्या हातात अजून सूपच होतं. हात कुठं ठेवावेत हेच जोतिरामला कळेना.

बिरूचा श्वास हळूहळू जागेवर आला.

“तोंडानं सांगत जातो बाबा आता,” तो म्हणाला. “हाताचं तुला कळत न्हाई.”

जोतिरामला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. पण धरणी कशाला दुभंगतेय? ती होती तशीच राहिली, आणि बिरू अर्धवट वळलेला खाटेवर पडून राहिला. त्याला नीट ठेवणं भागच होतं.

“मान, पाठ, कंबर,” हौसाक्का म्हणाली. “एकदम. लाकडाचा ओंडका वळवत्यात तसं. मान मागं न्हाई राह्यली पाहिजे.”

तिनं एकदा करून दाखवलं. ती एवढीशी बाई, पण दातओठ खाऊन लेकाला वळवत होती. मग भिंतीला टेकून धापा टाकत राहिली.

जोतिरामनं परत केलं. या खेपेला हळू.

आणि तिथं त्याला कळलं, की हातांचा जोर इथं कामाचा नाही. हातानं ओढलं की हिसका बसतो. गुडघे खाटेच्या काठाला टेकवायचे, पाठ सरळ ठेवायची, पोट आत घट्ट आवळून धरायचं, आणि श्वास सोडत सोडत सगळं अंगच मागं न्यायचं. जोर मधूनच निघायला हवा. पुण्याच्या पोरांना तो हेच शिकवत होता. स्वतःला येतं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खोकता येईना की हसता येईना, इतकं पोट धरलं होतं.

*

तर असा त्याचा व्यायाम सुरू झाला.

कुशीवर वळवणं. परत पाठीवर. बगलेतून हात घालून बसतं करणं. अंघोळीला उचलून दगडावर नेणं. ओला बिरू हातातून निसटायचा, तेव्हा पोटाशी आवळून धरावा लागायचा. आणि उन्हाला बसवणं, ते सगळ्यात अवघड.

बिरूला स्वतःहून बसता यायचं नाही. टेकायला भिंत दिली तर घसरायचा. चाकाची खुर्ची मागितली होती, यायची होती, येतच होती. मग जोतिराम उंबऱ्यापाशी मांडी घालून बसायचा, आणि हौसाक्का बिरूला त्याच्या पाठीला पाठ लावून बसवायची. दोघांना मिळून एक धोतर गुंडाळायची. बिरूचं डोकं मागं जोतिरामच्या खांद्यावर. जोतिराम हलला की बिरू पडणार. तेव्हा ऊन सरकेपर्यंत जोतिरामनं ताठ बसायचं, खांबासारखं, कशालाही न टेकता.

“काय रं,” बिरू विचारायचा, “किती शेट झालं?”

“गप की.”

“मी बरा सापडलो तुला. तुझ्या पुण्यात एवढं मोठं डंबेल न्हाई मिळायचं. आणि हे डंबेल बोलतंय बी.”

असं बोलून स्वतःच हसायचा. त्याचं हसणं नुसतं गळ्यातलं, पोट हलायचंच नाही. जोतिरामला ते ऐकवायचं नाही.

पण माणूस मोठा विचित्र प्राणी. पहिले काही दिवस गेले आणि जोतिराम घरी जाऊन आरशात पोट बघायला लागला. पाठीचे दोन्ही दोर ताठ झालेले. कंबर आवळलेली. दुखरा गुडघासुद्धा बरा. तो खुशीत वस्तादांकडं गेला.

“वस्ताद, कंबर बांधली जातीया.”

“बिरूची?”

“… माझी.”

“हं.”

वस्ताद तेव्हा तालमीच्या दारातलं गवत उपटत होते. कुलूप गंजलं होतं. आत माती वाळून ढेकळं झाली असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“तुम्ही का येत न्हाई वस्ताद, बिरूकडं?”

गवताची मूठ तशीच हातात राहिली.

“डाव तुला कुणी शिकवला?”

“तुम्ही.”

“आणि सोडायचा कधी, ते?”

“ते बी… तुम्हीच.”

वस्ताद पुन्हा गवत उपटायला लागले. जोतिराम निघून आला.

माघातल्या एका दुपारी ते दोघं असेच पाठीला पाठ लावून बसले होते. हौसाक्का ओढ्यावर गेली होती. घरात दुसरं कोणी नाही.

“बिरू.”

“बोल.”

“त्या दिवशी… तू माती घेत हुतास न्हवं?”

पाठीमागं काहीच हललं नाही. बिरूचं काही हलणारही नव्हतं म्हणा. फक्त त्याचा श्वास जोतिरामच्या कानाशी लागत होता, तो जरा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“पाठ लावून बसलोय,” बिरू म्हणाला. “तोंड दिसत न्हाई, म्हणून इचारतोस व्हय?”

“… जरा डावीकडं कल,” बिरू म्हणाला. “मान आखडली.”

जोतिराम डावीकडं कलला. पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही.

*

फाल्गुनात बिरूच्या छातीत कफ झाला.

साधा कफ. आपण खाकरतो, थुंकतो, विसरून जातो. बिरूच्या गळ्यात मात्र तो नुसता घुरघुरायचा. खाटेपासून उंबऱ्यापर्यंत ऐकू यायचा.

“खोक की लेका,” जोतिराम म्हणाला.

“कशानं खोकू?”

“म्हंजे?”

“खोकायला पोट लागतं. माझं पोट कुठं हाय?”

जोतिराम बघत राहिला. जन्मभर पोट कमावलं आणि हे त्याला ठाऊक नव्हतं.

दवाखान्यातल्या नर्सनं हौसाक्काला शिकवून ठेवलं होतं. कफ ओढायचं मशीन असतं, ते दवाखान्यात. घरी कुठलं? घरी तळहात. बरगड्यांच्या खाली दोन्ही तळवे टेकायचे, बिरूनं श्वास घेऊन भुवयांनी खूण केली की आत आणि वर दाबायचं. त्याचं पोट जे करत नाही ते आपण करायचं. हौसाक्का करत होती, पण तिच्या हातात आता दम राहिला नव्हता.

“सरका आक्का,” जोतिराम म्हणाला.

तो खाटेवर गुडघ्यांवर बसला. तळवे ठेवले. ह्याच पोटाशी कितीदा तरी झोंबला होता तो, विटेसारखं कठीण पोट होतं. आता तळव्याखाली ओल्या कापडासारखं मऊ लागलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळे नव्हते.

बिरूनं भुवया उचलल्या.

जोतिरामनं दाबलं. हातांनी नव्हे. आता त्याला कळत होतं. स्वतःचं पोट आत ओढून, श्वास सोडत, मधल्या जोरानं. हळू, पण पुरतं.

“ख्ख…”

बिरू खोकला. कफ सुटला. हौसाक्कानं फडक्यानं टिपून घेतला.

तिनं त्या दिवशी जोतिरामपुढं चहाचा कप ठेवला. हातात दिला नाही, पुढं ठेवला. एवढ्या महिन्यांत त्या घरातलं पाणीसुद्धा त्याला कोणी विचारलं नव्हतं. चहा गार होईतो तो कपाकडं बघत बसला, मग प्याला.

सांजेला तो कट्ट्यावर गेला.

“वस्ताद, पोट लागतं ते खोकायला.”

वस्तादांनी वर बघितलं. त्या वर्षात पहिल्यांदाच नीट बघितलं असेल.

“कुणी सांगितलं?”

“बिरूनं.”

“मग आता माझ्याकडं कशाला येतोस?”

जोतिराम घुटमळला. खरं तेच बोलला.

“… लंगोटासाठी.”

“व्हय,” वस्ताद म्हणाले. “ते बी हायच की.”

*

चैत्र आला. कफ गेला नाही.

दवाखान्यात दोनदा नेऊन आणलं. दर खेपेला बरा होऊन यायचा आणि पुन्हा भरायचा. तिसऱ्यांदा बिरूनं डोळे गच्च मिटले. “आता न्हाई जायचं,” म्हणाला. “मरायचं तर आपल्या छपराखाली मरू दे.” हौसाक्का त्याला नाही नाही ते बोलली, रडली, शेवटी गप्प झाली.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून घुरघूर वाढली. ओठ काळपट दिसायला लागले. आता हौसाक्कानं लेकाचं ऐकलं नाही, शेजाऱ्याला सांगून गाडी बोलवायला लावली. गाडी निघाली, म्हणाले. वेशीपर्यंत आली, म्हणाले. वेशीच्या आत पाळणे, दुकानं, माणसांचा महापूर. गाडी तिथं अडकली ती अडकलीच.

जोतिराम पहाटेपासून खाटेवर गुडघ्यांवर होता.

भुवया. दाब. “ख्ख…” फडकं.

भुवया. दाब.

दारात सावली पडली. वस्ताद. काखेत घडी घातलेला नवा लाल लंगोट, बोटात अडकवलेली किल्ली. दिल्या शब्दाला जागणारा माणूस तो. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या घराच्या उंबऱ्याशी आला होता.

“तालीम उघडलीया,” वस्ताद म्हणाले. “जोड दुपारी हाय. चल.”

जोतिरामनं बघितलं. लंगोटाचा तो लाल रंग बघून त्याचं काळीज कसं उडालं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. लहानपणापासून हेच तर मागितलं होतं देवाकडं.

तळव्याखाली बिरूची बरगडी वर आली. भुवया हलल्या.

“एवढा खोकला काढतो,” जोतिराम म्हणाला, “आलोच.”

वस्ताद उंबऱ्यावर बसले.

खोकला आला. अर्धाच आला. उरलेला घशातच वाजत राहिला.

“एवढा एक,” जोतिराम म्हणाला.

ऊन चढलं. मैदानावरून हलगी ऐकू यायला लागली. हौसाक्का फडकं पिळत होती, टिपत होती, पुन्हा पिळत होती. जोतिरामच्या पाठीवरून घाम वाहत होता. पण हात डळमळले नाहीत, कंबर ढळली नाही. एवढी ताकद त्याच्या अंगात कधीच नव्हती.

कर्ण्यावरून त्याचं नाव पुकारलं गेलं.

घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. वस्तादांनी मान खाली घातली. बिरूचे डोळे उघडले आणि जोतिरामवर येऊन थांबले.

“जा… की,” बिरूचे ओठ हलले.

“एवढा एक.”

पुन्हा नाव पुकारलं. मग कर्ण्यावर काहीतरी हसणं झालं. मग निपाणीच्या पैलवानाचं नाव, आणि हलगी अशी कडाडली की भिंतीवरची भांडी वाजली. फेटे उडाले असतील. जोतिरामनं तिकडं कान दिला नाही.

“खोक,” तो म्हणाला.

दाब. सोड. दाब.

“खोक रं.”

हौसाक्काचा हात फडक्यासकट मध्येच थांबला. तिनं लेकाच्या तोंडाकडं वाकून बघितलं. मग ते फडकं स्वतःच्याच तोंडात कोंबलं आणि भिंतीला टेकत खाली बसली.

जोतिराम दाबत होता.

तो दाबायचा तेव्हा बिरूची मान हलायची. जोतिरामला वाटायचं, जोर लावतोय.

“असं! आणखी लाव. आणखी… खोक की रं माझ्या राजा…”

“जोत्या,” हौसाक्का म्हणाली. आठ महिन्यांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती.

त्याला ऐकू गेली नाही. तळवे आत, तळवे वर. भुवयांची वाटही बघेना झाला होता. घुरघूर केव्हाच थांबली होती. बाहेर मिरवणूक निघाली होती आणि हा दाबतच होता.

वस्ताद उंबऱ्यावरून उठले. भिंत धरून, गुडघे सावरत आत आले. खाटेशेजारी उकिडवे बसले. लंगोट खाली ठेवला, किल्ली त्याच्यावर ठेवली.

मग उजवा हात उघडा केला, आणि सारवलेल्या भुईवर मारला.

आवाज मोठा नव्हता. बाहेर हलगीचा दणदणाट होता.

आणखी एकदा मारला.

जोतिरामनं तिथल्या तिथं सोडलं.

त्याचे दोन्ही हात बिरूच्या अंगावरून उठले आणि अधांतरी राहिले. त्यानं बिरूच्या तोंडाकडं बघितलं. मग भुईवरच्या त्या हाताकडं…

वस्तादांनी तळवा उलटा करून बघितला. त्याला माती लागली नव्हती.

“आज बरं कळलं रं तुला.”